बापूंचा फोटो: एका हौशी नटाने फोटोग्राफर कसा निवडला

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगलीतल्या एका हौशी नटाचं. आमच्या ग्रुपमध्ये त्यांना सगळे बापू म्हणतात, इथंही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी बदलल्या आहेत. खर्चाचे आकडे आणि घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच आहे.

बापूंचं वय तेव्हा 46. नोकरी एका सहकारी बँकेत, कॅश काउंटरवर. वीसेक वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली, एकदा अभिनयाचं रौप्यपदकही मिळालेलं. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात नाटकाचा खेळ लावला त्या गावात नाटकवाल्याला अजून मान आहे. पोट मात्र बँकेवर भरावं लागतं. मी त्याच ग्रुपमध्ये प्रकाशयोजना करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची एक चूक माझ्या पदरात आहे आणि ती याच धंद्यामुळे झाली.

मालिकांची शूटिंग कोल्हापूर, सातारा, वाई भागात व्हायला लागल्यापासून आमच्याकडच्या नटांना एक नवी वाट दिसू लागली. सरपंच, हवालदार, तलाठी, मुलीचा बाप, उधारी मागायला आलेला वाणी अशा भूमिकांसाठी मुंबईहून माणूस आणायचा तर प्रवास आला, लॉज आला. जवळपासचा नट मिळाला तर निर्मात्याला बरंच. मग कोऑर्डिनेटरचे, म्हणजे मालिकेला नट शोधून देणाऱ्याचे, मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात: ‘वय 40 ते 50, ग्रामीण लुक, लोकल प्रेफर्ड. फोटो पाठवा – फ्रंट, लेफ्ट, राइट, फुल. सोबत इंट्रो व्हिडिओ.’

बापूंनी असा मेसेज आला की लगेच फोटो पाठवायला सुरुवात केली. चार महिने कुणाचं उत्तर नाही.

अडचण

ते कुठले फोटो पाठवत होते हे मी एकदा तालमीच्या मध्यंतरात पाहिलं. तीन होते. पहिला नाटकातला: टोप, चिकटवलेली दाढी, रंगभूषेचा थर, अंगावर तांबडा स्पॉटलाइट. दुसरा भाच्याच्या लग्नातला, कापून घेतलेला. खांद्यावर कुणाचातरी हात तसाच राहिलेला. तिसरा सेल्फी.

सेल्फीत बापूंचं नाक खऱ्यापेक्षा मोठं दिसत होतं. हाताच्या अंतरावरून फोटो काढला की जे कॅमेऱ्याजवळ ते फुगतं, कान मागे सरकतात. तोच माणूस दीड-दोन मीटरवरून टिपला की चेहरा आपण रोज बघतो तसा येतो. हे बापूंना समजावलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे माझं नाक इतकं मोठं नाही ना? बरं वाटलं.”

तीन फोटोंत तीन माणसं होती, आणि त्यातला एकही काउंटरवर भेटणारा बापू नव्हता. पुढे जे जे झालं ते या एका गोष्टीशी येऊन थांबतं. पण तेव्हा आम्ही दोघांनीही निदान केलं ते असं: ‘फोटो चांगले नाहीत, चांगल्या फोटोग्राफरकडून काढून घेऊ.’ चांगला म्हणजे कशासाठी चांगला, हे कुणी विचारलं नाही.

पहिला प्रयत्न: गावातला स्टुडिओ

बापूंनी स्वतःच्या अकलेनं पहिली निवड केली. गावात लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे फोटो काढणारा एक नावाजलेला स्टुडिओ आहे. पैसे 2,500. माणूस कामाला चोख, वेळेवर, हिशेबाला सरळ. फोटो दोन दिवसांत हातात.

फोटोत बापू 32 वर्षांचे झाले होते. मिशी कोळशासारखी काळी, गालावरची छिद्रं गुळगुळीत, भुवईवरचा लहानपणचा व्रण गायब, आणि मागे कुठल्यातरी थंड देशातला रस्ता, अंधुक दिवे. फोटोग्राफरला दोष देता येत नाही. नवरदेवासाठी जे करायचं ते त्यानं केलं. आजवर त्याच्याकडे आलेल्या प्रत्येकाला तेच हवं होतं.

गंमत अशी की या फोटोंवर बोलावणं आलं. कोल्हापूरला, ‘वय 30 ते 36’ च्या भूमिकेसाठी. बापूंनी हाफ डे टाकला, 50 किलोमीटर गेले, दोन तास जिन्यात बसले. नंबर आल्यावर टेबलामागच्या मुलीनं फोनकडे बघितलं, बापूंकडे बघितलं, परत फोनकडे.

“काका, फोटोतले तुम्हीच का?”

तिनं चेष्टा केली नव्हती, खरंच विचारलं होतं. ऑडिशन घेतली, ‘कळवतो’ म्हणाली. परत येताना बापू एस.टी.त एक शब्द बोलले नाहीत, असं त्यांच्यासोबत गेलेला आमचा नेपथ्यवाला सांगतो.

दुसरा प्रयत्न: माझा मित्र

इथं मी मध्ये पडलो. माझा एक मित्र नाटकांचे फोटो काढतो. प्रयोग चालू असताना अंधारात बसून, फ्लॅश न वापरता. त्याचे काही फोटो पाहून माझ्या स्वतःच्या प्रकाशयोजनेची मला नव्यानं ओळख झाली आहे, इतका तो चांगला आहे. मी म्हटलं, बापू, हा तुमचा खरा चेहरा पकडेल. पैसेही घेणार नाही.

आम्ही रिकाम्या रंगमंचावर फोटो काढले. प्रकाश मी दिला. एका बाजूनं, थोडा वरून, दुसरी बाजू जवळजवळ काळोखात. अर्धा चेहरा उजळलेला, एक डोळा सावलीत, गालाचं हाड दगडासारखं. फोटो बघून आमचा सगळा ग्रुप भारावला. बापूंनी फेसबुकवर टाकला तर बँकेच्या मॅनेजरनीसुद्धा ‘लाइक’ केला.

कोऑर्डिनेटरचं उत्तर एका ओळीत आलं: ‘सर चेहरा दिसेल असा फोटो पाठवा.’

मला राग आला होता, हे कबूल करतो. रात्रभर ‘यांना कला कळत नाही’ या सुरात माझं मन चालू होतं. सकाळी शांत डोक्यानं तो फोटो मी माझ्याच फोनवर, इतर फोटोंच्या रांगेत, नखाएवढा करून बघितला. एक काळा डाग आणि त्यात एक गाल. माणूस कोण, वय किती, डोळे कसे, काहीही कळेना.

नाट्यगृहात प्रेक्षक दूर अंधारात बसलेला असतो, आणि त्याला मी दोन तास तोच माणूस दाखवणार असतो. मी चेहऱ्याचा अर्धा भाग लपवला तरी पुढच्या प्रवेशात तो दाखवतो. फोटो बघणारी मुलगी मात्र अंगठ्यानं वर सरकवत चाललेली असते. तिला पुढचा प्रवेश नाही. मी माझ्या कामाचं मोजमाप दुसऱ्याच कामाला लावलं होतं, आणि मित्रानंही. वाईट याचं वाटतं की दोघांपैकी एकानंही कास्टिंगवाल्या, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्या, एखाद्या माणसाला आधी विचारलं नाही, आणि ओळखीत तसे दोघे जण होते.

तिसरा: पॅकेज

हे थोडक्यात. एका ‘टॅलेंट एजन्सी’कडून बापूंना फोन आला. मुंबईत पोर्टफोलिओ (नटाच्या फोटोंचा संच) शूट, चार लुक, मेकअप आणि कपडे त्यांचे, 40 फोटो, शिवाय ‘तीन प्रोजेक्टची खात्री’. पैसे 32,000, आगाऊ 5,000. बापूंनी आगाऊ रक्कम भरली आणि मग मला सांगितलं.

करारपत्र मागवलं. त्यात दोन गोष्टी होत्या. फोटो एजन्सी कुठेही, कितीही काळ वापरू शकेल, आणि त्याबद्दल नटाला काही मागता येणार नाही. आणि ‘खात्री’ हा शब्द कागदावर कुठेही नव्हता. कास्टिंगचं सरळ काम करणारा माणूस नटाकडून आगाऊ पैसे घेत नाही. भूमिकेचं आमिष दाखवून ठरावीक फोटोग्राफरकडेच फोटो काढायला लावतात, तेव्हा धंदा फोटोंचा असतो, भूमिकेचा नसतो. बापू 22 वर्षं नोटा तपासतात. खोटी नोट हाताला लागते म्हणतात. इथं लागली नाही, कारण त्या दिवशी त्यांना भूमिका हवी होती.

5,000 गेले. उरलेले 27,000 वाचले.

फोटोंच्या मालकीचं एक इथंच सांगून टाकतो, कारण बऱ्याच नटांना ते माहीत नसतं. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे. त्यानुसार मोबदला देऊन कुणी आपल्यासाठी फोटो काढून घेतला आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. ‘उलट काही ठरलेलं नसेल’ हे शब्द महत्त्वाचे. पॅकेजच्या करारात नेमकं उलटच ठरवलेलं होतं. आणि माझ्या मित्रासारखा कुणी फुकट काढतो तेव्हा मोबदलाच नसतो, त्यामुळे हक्क त्याचाच राहतो. मित्र असल्यानं आमचं भांडण झालं नाही, पण वापरायची परवानगी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्यायला हवी होती.

पर्याय तोलताना

आता हातात होते ते असे. स्टुडिओकडेच परत जाऊन ‘काही बदलू नका’ सांगणं. घरच्या घरी, खिडकीच्या उजेडात चांगल्या फोननं काढणं. किंवा पुण्या-मुंबईतला कुणी नटांचेच फोटो काढणारा शोधणं.

फोनचा पर्याय मी अजूनही हलका मानत नाही. सावलीच्या बाजूची मोठी खिडकी, समोर पांढरी भिंत, फोन डोळ्यांच्या उंचीला, दोन मीटरवर, मागच्या कॅमेऱ्यानं, कुणीतरी दुसऱ्यानं काढलेला. फ्रंट, लेफ्ट, राइट, फुल हे चार फोटो आम्ही असेच काढले आणि ते आजही वापरात आहेत. ट्यूबलाइट तेवढी बंद करायची, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळट येतो. पण बापूंना या फोनसमोर कसं बसायचं ते कळत नव्हतं. कॅमेरा दिसला की छाती पुढे, हनुवटी वर. त्यांना बोलतं करणारं कुणीतरी समोर हवं होतं, आणि ते काम मला जमत नव्हतं.

मग शोध सुरू झाला. दोन आठवड्यांत सातआठ फोटोग्राफरांचं काम इन्स्टाग्रामवर बघितलं. आधी आम्ही ‘फोटो सुंदर आहेत का’ असंच बघत होतो, आणि सगळेच सुंदर होते. मग बापूंच्याच लक्षात एक गोष्ट आली. एका फोटोग्राफरकडे बारा नट, आणि बाराही जणांनी मान एकाच बाजूला कलती केलेली. चौघांच्या अंगावर तर जॅकेटही एकच. “हे कपडे स्टुडिओतले दिसतात,” बापू म्हणाले, “आणि मानही स्टुडिओतलीच.”

तिथून आमची नजर बदलली. चेहरे एकमेकांपासून वेगळे दिसतात का? पन्नाशीकडची माणसं आहेत का, की सगळी पोरंच? त्यांच्या सुरकुत्या जागेवर आहेत का? आणि सगळ्यांत उपयोगी पडलं ते हे, की आपण प्रत्यक्ष ओळखतो असं कुणी त्यात आहे का?

पुण्यातल्या एका फोटोग्राफर बाईंच्या कामात मिरजेच्या एका नटीचा फोटो सापडला. तिच्या दोन नाटकांना मी प्रकाश दिला आहे. डाव्या डोळ्याखालचं काळसर वर्तुळ, किंचित वाकडा दात, आणि समोरचा बोलत असताना ऐकण्याची तिची पद्धत, सगळं फोटोत होतं. फोटो बघून मला ती आठवली नाही. ती समोर बसल्यासारखी वाटली. मी तिला फोन केला. ती म्हणाली, “दादा, शूटला पहिला तासभर ती नुसती गप्पाच मारत होती, मला वाटलं पैसे वाया गेले.”

बाईंचा दर 9,000. दोन तास, दोन कपडे, सहा फोटो एडिट करून. मेकअपचे वेगळे. बापूंच्या मानानं हे महाग होतं, 7,500 गमावून बसल्यावर तर फारच. पण त्यांनी ठरवलं ते दरावरून नाही, फोनवरच्या बोलण्यावरून. स्टुडिओनं विचारलं होतं, ‘किती कॉप्या?’ पॅकेजवाल्यानं विचारलं होतं, ‘कधी ट्रान्सफर करताय?’ बाईंनी विचारलं, “काका, तुम्हाला कुठल्या भूमिका मिळतील असं वाटतं?”

“कुठलीही करीन की.”

“कराल हो. पण रस्त्यात अनोळखी माणूस तुम्हाला बघून काय समजतो?”

बापू थोडे थांबले. “बँकेतला. नाहीतर मास्तर. एकदा एस.टी.त कंडक्टरनं पोलीस समजून तिकीटच फाडलं नव्हतं.”

“मग झालं. या तिघांचा मिळून एक चेहरा काढू.”

शूटपूर्वीचे निर्णय

तारीख सहा आठवडे पुढची घेतली, कारण केस. बापू महिन्याला डाय लावत. बाईंचं म्हणणं, ऑडिशनच्या दिवशी जसे जाणार तसे फोटोत या. डाय लावायचा तर कायम लावा, नाहीतर आत्ताच सोडा. घरात यावर दोन रात्री चर्चा झाली. वहिनी म्हणाल्या, “म्हातारे दिसाल.” मुलगा म्हणाला, “बाबा, बापाच्याच तर भूमिका मागताय.” डाय सुटला. कानशिलं पांढरी झाली, मिशीत मीठ पडलं. मला विचाराल तर या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यांत जास्त परतावा देणारा निर्णय हाच, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

कपड्यांबाबत बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. पांढराशुभ्र शर्ट नको, कॅमेरा तिकडेच बघत राहतो. बारीक चौकडी नको, फोटोत त्यावर लहरी उठतात. आणि कॉलर इस्त्रीची. बापूंनी भाड्यानं हवालदाराची वर्दी आणायची तयारी चालवली होती. ती बाईंनी हाणून पाडली. “वर्दी त्यांच्याकडे असते काका. आत घालायला माणूस नसतो.” शेवटी एक फिकट निळा हाफ शर्ट आणि एक मातकट रंगाचा कुर्ता, दोन्ही घरातले.

शूटचा दिवस

मी सोबत गेलो, बहुतेक उजेडाच्या कुतूहलानं. खोली साधी. एक मोठा सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून उजेड मऊ करणारा दिवा), समोरून जरा बाजूला. दुसरीकडे थर्माकोलचा पांढरा तक्ता. बस्स. सावली होती, पण हलकी. दोन्ही डोळ्यांत उजेडाचा चौकोनी ठिपका. कॅमेरा बापूंच्या डोळ्यांच्या पातळीला, 85 एमएमची लेन्स, अंतर जवळपास दोन मीटर. माझ्या हातून असा प्रकाश कधी पडला नसता, मला तो सपाट वाटला असता. फोनवर नखाएवढं चित्र बघितलं तेव्हा त्यातलं शहाणपण कळलं.

पहिली चाळीस मिनिटं मात्र वाया गेली. बापू अभिनय करत होते. ‘राग’ म्हटलं की नाकपुड्या फुगत, ‘चिंता’ म्हटलं की कपाळाला आठ्या, सगळं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. बाईंनी कॅमेरा खाली ठेवला. चहा मागवला. मग प्रिंटरच्या कागदाचे नोटेएवढे तुकडे कापले, शंभरेक असतील, आणि गड्डी बापूंच्या हातात दिली.

“मोजा. मी मध्येच हाक मारीन, तेव्हा फक्त बघा.”

बापूंचे हात आपोआप चालायला लागले. अंगठा, बोट, अंगठा, बोट. ओठ अगदी किंचित हलत होते. खांदे उतरले, छाती आपल्या जागेवर आली. बासष्ट-त्रेसष्टच्या आसपास बाईंनी “काका” म्हटलं आणि बापूंनी मान वर केली. काउंटरच्या काचेपलीकडून कुणी घाईघाईनं काही विचारलं की ते जसं बघतात तसं. आकडा डोक्यात धरून ठेवलेला, तरी समोरच्याकडे पूर्ण लक्ष. थोडा वैताग, थोडी आपुलकी. हात फ्रेमच्या बाहेर होते. त्या एका नजरेचे सहासात फोटो निघाले.

फोटो निवडताना

दिवसभरात 180 च्या आसपास फोटो झाले. बाईंनी त्यातले 14 पाठवले आणि सहा निवडा म्हणाल्या. इथं पुन्हा घोळ होता होता राहिला. वहिनींनी हसरा निवडला, मुलानं डोळे बारीक केलेला ‘खलनायक’, मी सवयीनं ज्यात सावली जास्त तो. बापू तर ज्यात टक्कल कमी दिसतं तो.

आम्ही ग्रुपमध्ये मतं मागवली, ती चूक. तेवीस जणांनी तेवीस कारणं सांगितली, आणि सगळे बापूंना वीस वर्षं ओळखणारे. ओळखीचा माणूस फोटोत आठवण बघतो. शेवटी पूर्वी कास्टिंगमध्ये असिस्टंट असलेल्या एकाला 14 फोटो पाठवले, सोबत एवढंच विचारलं, ‘हा माणूस काय करतो?’ उत्तर आलं: ‘7 नंबर: बँक/तहसील/पोलीस स्टेशन डायरी. 11: गावातला बरा माणूस. बाकीचे: फोटो काढून घेणारा माणूस.’

सात नंबर म्हणजे नोटा मोजतानाचा. तो मुख्य ठरला. कुर्त्यातला अकरा नंबर दुसरा.

एडिट होऊन आले तेव्हा भुवईवरचा व्रण पुन्हा गेलेला. बाईंच्या हाताखालच्या मुलानं तो डाग समजून पुसला होता. सांगितल्यावर एका तासात परत आणून दिला. नियम सोपा होता: आठवड्यात जाणारं (पुरळ, दाढी करताना लागलेलं) पुसलं तर चालेल, कायम असणारं राहू द्यायचं.

पाठवण्याच्या पद्धतीतही बदल केला. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून. फाइलच्या नावातच नाव, वय, उंची, गाव आणि फोन. पूर्वी बापूंच्या फाइलचं नाव आयएमजी आणि पुढे आठ आकडे असं असायचं; चेहरा आवडला तरी हा कोण, हे शोधायला चॅट उपसावी लागे.

काय झालं

पुढच्या सात महिन्यांत 11 बोलावणी आली. बापू नऊ ठिकाणी गेले. दोन मार्चअखेरीत आली, तेव्हा बँकेत कुणी रजेचं नाव काढत नाही. नऊपैकी दोन कामं मिळाली. पहिलं हवालदाराचं, दोन दिवसांचं, दोन वाक्यं. त्याचे 4,000 रुपये तीन महिन्यांनी जमा झाले. दुसऱ्याचं खाली सांगतो. ‘फोटोतले तुम्हीच का’ हा प्रश्न परत कुणी विचारला नाही. एका ठिकाणी तर दारातच एक मुलगा म्हणाला, “या काका, तुमचा फोटो बघितलाय.”

हे सगळं फोटोमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. त्याच काळात बापूंनी घरी ऑडिशन रेकॉर्ड करायला शिकून घेतलं, आवाज नाटकापेक्षा निम्म्यावर आणला, आणि कोल्हापूरकडे कामंही वाढली होती. फोटोचं काम त्यांना दारापर्यंत नेण्याचं. आतलं त्यांनी केलं.

खर्चाचा हिशेब बापूंनी वहीत लिहून ठेवला आहे: स्टुडिओ 2,500, एजन्सी 5,000, पुण्याचं शूट 9,000, मेकअप (पावडर आणि केस) 1,200, दोघांचा प्रवास-जेवण 1,900. एकूण 19,600. त्यातले 7,500 त्यांनी लाल शाईनं लिहिले आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

बापूंना विचारलं तर ते म्हणतात, आधी खिडकीजवळचे चार फोटो काढून दोन महिने तेच पाठवले असते, आणि बोलावणी कशाला येतात ते बघून मग 9,000 घातले असते. मला हे अर्धंच पटतं. त्या चार फोटोंतही ते छाती काढूनच उभे आहेत.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी मित्राला आणि मला एकत्र बसवून आधी एकच विचारलं असतं, हा फोटो कोण, कुठे आणि केवढा बघणार. तो प्रश्न कोऑर्डिनेटरच्या एका ओळीनं आम्हाला विचारला, तेव्हा उत्तराला उशीर झाला होता. मित्राचे फोटो मात्र वाया गेले नाहीत. पुढच्या नाटकाच्या पोस्टरवर त्यातलाच अर्धा काळोखातला बापू आहे, आणि तिथं तो जबरदस्त दिसतो.

बाईंशी व्यवहार ठरवतानाही एक राहून गेलं. पुढे केस-दाढी-मिशी बदलली तर एकदोन फोटोंपुरतं छोटं शूट किती पैशांत, हे आम्ही विचारलं नाही. त्याची गरज आठव्या महिन्यात लागली. दुसरं काम मिळालं ते मुलीच्या मामाचं, महिन्याला सहा-सात दिवस, चांगलं चाललेलं. दिग्दर्शकाची एकच अट: मामाला मिशी नको. बापूंनी सव्वीस वर्षांची मिशी उतरवली आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर दोन खातेदारांनी विचारलं, “ते कॅशियर आज आले नाहीत का?”

संध्याकाळी बापूंचा मला फोन. “अरे, सात नंबर आता माझा राहिला नाही. मिशी वाढेपर्यंत थांबायचं, की परत पुण्याला जायचं?”

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मालिका चालू आहे तोवर मिशीशिवायचा एक फोटो हवाच. अर्ध्या तासाचे 2,000, आणि येताना खऱ्या नोटांची गड्डी आणा, मागच्या वेळी कागद फार सरकत होते.

बापूंनी दुसऱ्या शनिवारची तारीख घेतली आहे.